नेट वारंवार जात असेल तर: घरच्या केबल इंटरनेटमधला दोष कसा शोधावा

घरातले इंटरनेट पूर्ण बंद पडले, तर एका अर्थाने ते सोपे असते. तक्रार नोंदवली की दुरुस्तीसाठी माणूस येतो, त्यालाही ते बंद दिसते आणि तो ते सुरू करूनच जातो. खरा त्रास असतो तो अधूनमधून जाणाऱ्या नेटचा. दिवसातून सात-आठ वेळा, कधी दोन मिनिटे तर कधी वीस मिनिटे ते जाते. आपण राउटर बंद करून पुन्हा चालू करतो, नेट येते, आणि ते आपल्या या खटपटीमुळे आले की तसेही येणारच होते, हे कधीच कळत नाही. केबलवाल्याकडचा माणूस येतो तेव्हा सगळे सुरळीत असते. तो मोबाइलवर स्पीड टेस्ट लावून दाखवतो, ‘नेट तर चालू आहे ना भाऊ तुमचं’ म्हणतो, आणि त्या क्षणी त्याचे म्हणणे खरेही असते.

हा लेख अशा नेटसाठी आहे. तो वाचायला तांत्रिक शिक्षण लागत नाही. लागते ती एक वही, एक लॅपटॉप, एक चांगली लॅन केबल (लॅपटॉप राउटरला जोडायची तार) आणि आठवडाभराचा धीर. सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते: दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरेपर्यंत काहीही विकत आणू नका. नवा राउटर घेणे किंवा जास्त स्पीडचा प्लॅन घेणे, ही दोन खर्चिक पावले लोक पहिल्याच आठवड्यात उचलतात, आणि दोष गच्चीवरच्या एखाद्या जॉइंटमध्ये असला तर दोन्हींचा काडीचाही उपयोग होत नाही.

आधी तार ओळखा

नागपुरात ‘केबलचे नेट’ हा शब्द तीन वेगवेगळ्या जोडण्यांसाठी वापरला जातो, आणि तिन्हींची दुरुस्ती वेगळी असते. घरात येणारी तार जाड, गोल, बहुधा काळी किंवा पांढरी असेल, तिच्या टोकाला फिरवून बसवायचा धातूचा कनेक्टर असेल आणि मधोमध एक ताठ तार बाहेर आलेली दिसत असेल, तर ती कोॲक्सियल केबल. टीव्हीचे कनेक्शनही हिच्यावरूनच येते. ही तार मोडेमला, म्हणजे तारेवरच्या सिग्नलमधून इंटरनेट काढून राउटरला देणाऱ्या डब्याला, जोडलेली असते. तार मऊ असून तिच्या टोकाला टेलिफोनच्या पिनेसारखी पण तिच्यापेक्षा रुंद प्लास्टिकची पिन असेल, तर इमारतीतल्या किंवा गल्लीतल्या स्विचमधून (एका लाइनवरून अनेक घरांना नेट वाटणाऱ्या डब्यातून) लॅन केबल थेट आपल्या घरी आणलेली आहे. आणि तार अगदी बारीक असून हिरव्या किंवा निळ्या प्लास्टिकच्या टोकाने एका छोट्या डब्याला जोडलेली असेल, तर ती फायबर आहे. त्या डब्याला ओएनटी म्हणतात.

या लेखाचा भर पहिल्या प्रकारावर, म्हणजे कोॲक्सियलवर आहे, कारण अधूनमधून जाणाऱ्या नेटची सगळ्यांत फसवी उदाहरणे मला तिथेच दिसली. वही, पिंग, वायफाय आणि वीज यांबद्दल जे सांगते आहे ते मात्र तिन्हींना लागू आहे.

वही आणि दोन खिडक्या

वहीत चार रकाने आखा: तारीख, नेट गेल्याची वेळ, आल्याची वेळ, आणि त्या वेळी घरात व बाहेर काय चालले होते. चौथा रकाना अनेकांना निरर्थक वाटतो, पण दोष बहुतेक वेळा त्याच रकान्यात सापडतो. कूलर सुरू केला, मोटर लावून टाकी भरली, वारा सुटला, पाऊस आला, वीज चमकून गेली, शेजारी वेल्डिंगचे काम चालू होते, असे काहीही असो, लिहून ठेवा. त्या वेळी मोडेमवरचे कोणते दिवे लागलेले होते आणि कोणता लुकलुकत होता, तेही लिहा. दिव्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवणे अधिक सोपे.

आता लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि त्याचे वायफाय बंद करा. कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या, दोन खिडक्या उघडा. पहिल्या खिडकीत राउटरला पिंग लावा. राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि तो राउटरच्या खालच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ या गुगलच्या पत्त्याला पिंग लावा. त्यासाठी इंग्रजीत ping हा शब्द, मोकळी जागा आणि मग पत्ता टाइप करायचा; पत्त्यापुढे मोकळी जागा सोडून वजाचे चिन्ह आणि टी हे इंग्रजी अक्षर टाइप केले, की विंडोजमध्ये पिंग आपण थांबवेपर्यंत चालू राहते. पिंग म्हणजे समोरच्याला हाक मारून ओ यायला किती वेळ लागला ते मोजणे; हा वेळ मिलिसेकंदांत दिसतो, आणि ओ आलीच नाही तर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ अशी ओळ येते.

नेट गेले की राउटर बंद करण्याआधी या दोन खिडक्या पाहा. पहिलीत ओ येते आहे आणि दुसरीत बंद झाली आहे, तर लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधले सगळे ठीक आहे आणि दोष मोडेममध्ये, तारेत किंवा त्याच्याही पलीकडे आहे. दोन्ही खिडक्या एकदम बंद पडल्या, तर दोष घरातच आहे: राउटर गोठला आहे, त्याची वीज गेली आहे किंवा लॅन केबल खराब आहे. दोन्हींत ओ येते आहे पण वेबसाइट उघडत नाहीत, तर प्रश्न नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या डीएनएस सेवेचा आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ घातले की तो बहुतेक वेळा सुटतो.

चौथी शक्यता नवख्यांना चकवते. दुसऱ्या खिडकीत ओ येत राहते, पण पंधरा-वीस मिलिसेकंदांऐवजी तीनशे-चारशे लागतात. असे झाले की आधी घरात कोणी मोबाइलवरचे फोटो किंवा व्हिडिओ वर चढवत आहे का ते पाहा, कारण वर जाणारी वाट भरली की सगळेच रेंगाळते. तसे काही नसेल आणि हे रोज रात्री आठ ते अकराच्या दरम्यानच होत असेल, तर आपल्या भागातली लाइन गर्दीने भरलेली आहे. हा दोष घरात काहीही केले तरी जाणार नाही आणि तो ऑपरेटरनेच सोडवायचा असतो.

‘स्पीड कमी आहे’ म्हणण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी तपासा. प्लॅनमधला वेग मेगाबिटमध्ये असतो आणि डाउनलोड करताना संगणक बहुधा मेगाबाइट दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिटच्या) लाइनवर सेकंदाला १२.५ मेगाबाइट हीच कमाल मर्यादा. आणि बऱ्याच ‘अनलिमिटेड’ प्लॅनमध्ये ठरावीक डेटा संपल्यावर वेग खाली येतो. महिन्याच्या शेवटीच नेट मंद होत असेल, तर ऑपरेटरच्या ॲपमध्ये वापर किती झाला ते आधी पाहा.

वायफायला लाइनचा दोष देऊ नका

लॅन केबलवर दिवसभर एकही ओ चुकली नाही आणि मोबाइलवर मात्र नेट जात राहिले, तर लाइन निर्दोष आहे आणि प्रश्न वायफायचा आहे. राउटर टीव्हीच्या मागे, शोकेसच्या बंद कप्प्यात किंवा लोखंडी कपाटाच्या शेजारी असेल तर तो तिथून काढून घराच्या मध्यभागी उंचावर ठेवा. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचे वायफाय दुसऱ्या खोलीतही धड पोहोचत नाही, तिथे २.४ गिगाहर्ट्झ वापरावे लागते. फ्लॅटमध्ये उलटी अडचण असते: शेजाऱ्यापाजाऱ्यांचे वीस-पंचवीस राउटर त्याच २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या आवाजात बोलत असतात, म्हणून तिथे ५ गिगाहर्ट्झ बरे. २.४ वर राहायचेच असेल तर १, ६ आणि ११ यांपैकी सर्वांत मोकळा चॅनल निवडा. या तिघांचे पट्टे एकमेकांवर चढत नाहीत. आपल्याकडचा पाण्याने भरलेला पत्र्याचा मोठा कूलर हाही वायफायच्या वाटेतली भिंतच असतो, कारण धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते.

वीज आणि ऊन

मोडेम सुरू होऊन लाइनवर यायला दोन ते पाच मिनिटे लागतात. त्यामुळे वीज डोळ्याचे पाते लवेपर्यंतच गेली तरी नेट पाच मिनिटे जाते, आणि आपण ‘लाइट तर होती’ असे म्हणत राहतो. इन्व्हर्टर असला तरी वीज जाताना तो ज्या क्षणी बॅटरीवर येतो, त्या क्षणात काही मोडेम पुन्हा सुरू होतात. मोडेम आणि राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो; तो घेण्याआधी दोन्ही उपकरणांच्या ॲडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि ॲम्पिअर जुळतात का ते पाहून घ्या. ॲडॅप्टर जुना झाला की तो कागदावर १२ व्होल्टचा असला तरी भार आल्यावर तेवढे देत नाही आणि राउटर आपोआप बंद-चालू होत राहतो. हात लावून तो फार गरम लागत असेल किंवा त्यातून बारीक आवाज येत असेल तर आधी तोच बदलून पाहा, कारण ही सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती आहे.

आपल्या घरी वीज असूनही पलीकडच्या गल्लीतली गेली तर नेट जाऊ शकते, कारण खांबावरचा, सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर किंवा ज्या घरी ऑपरेटरचा डबा बसवला आहे ते घर तिकडच्या वीजवाहिनीवर असते. वहीच्या चौथ्या रकान्यात ‘मागच्या गल्लीत लाइट नव्हती’ असे तीन-चार वेळा लिहिले गेले, तर ऑपरेटरला तिथे बॅटरी बॅकअप बसवायला सांगता येते.

उन्हाचे मात्र नागपूरकरांनी वेगळे भान ठेवायला हवे. घरगुती राउटर आणि मोडेम साधारणपणे ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानात चालण्यासाठी बनवलेले असतात, आणि नवतपात पारा ४५ अंशांवर गेला की पश्चिमेच्या भिंतीलगतची खोली दुपारी ही मर्यादा सहज ओलांडते. मोडेमवर राउटर, त्यावर सेट टॉप बॉक्स अशी उतरंड रचू नका; तिन्ही वेगळे ठेवा आणि भोवती हवा खेळती राहू द्या. नेट दुपारी एक ते पाचमध्येच जात असेल, तर एक दिवस मोडेमवर टेबल फॅनचा वारा सोडून पाहा. त्याने फरक पडला, तर उत्तर मिळाले. नाही पडला, तर ऊन मोडेमला नव्हे, तारेला लागते आहे.

तार, जॉइंट आणि स्प्लिटर

कोॲक्सियल तार तापली की तिच्यातली सिग्नलची घट वाढते. हे प्रमाण दर अंशाला साधारण ०.२ टक्के असते. आरजी-६ या घरगुती केबलच्या चांगल्या तारेत ७५० मेगाहर्ट्झवर शंभर मीटरला साधारण १८ डेसिबल (सिग्नलची घट-वाढ मोजायचे माप) घट होते, म्हणजे पन्नास मीटरला ९. जानेवारीच्या पहाटे १० अंशांवर असलेली गच्चीवरची काळी तार मे महिन्याच्या दुपारी उन्हात ६० अंशांपर्यंत तापली, तर ही घट दहा टक्क्यांनी, म्हणजे जेमतेम एका डेसिबलने वाढते. निरोगी लाइनला एवढ्याने काही होत नाही. पण जी लाइन गंजलेल्या जॉइंटमुळे आधीच काठावर उभी आहे, तिला दुपारी ढकलायला हा एक डेसिबल पुरतो. शिवाय तार तापून लांबते आणि थंड होऊन आखडते, आणि सैल कनेक्टरमधली मधली तार हळूहळू आत ओढली जाऊन संपर्क सोडते.

म्हणून पहिले काम: घरातला प्रत्येक कोॲक्सियल कनेक्टर हाताने फिरवून घट्ट आहे का ते पाहा. पकड लावून जोर करू नका, मोडेमचा सॉकेट आतून तुटतो. कनेक्टर बसवूनही तार त्यात गोल फिरत असेल किंवा ओढल्यावर हलत असेल, तर तो नीट दाबला गेलेला नाही आणि बदलायलाच हवा. तार वळवून हाताने फिरवत बसवलेले जुने कनेक्टर दिसले, तर त्यांच्या जागी यंत्राने दाबून बसवायचे कॉम्प्रेशन कनेक्टर मागा.

दुसरे काम स्प्लिटरचे. एक तार टीव्हीला आणि एक मोडेमला देण्यासाठी मध्ये जो छोटा धातूचा डबा असतो, तो दोन वाटांचा असेल तर प्रत्येक वाटेवर सुमारे ३.५ डेसिबल खातो आणि चार वाटांचा असेल तर सुमारे ७. घरात टीव्ही एक आणि स्प्लिटर चार वाटांचा, असे फार ठिकाणी दिसते. कधीकाळी दुसऱ्या खोलीत टीव्ही होता, तो गेला आणि स्प्लिटर तसाच राहिला. चाचणीसाठी स्प्लिटर पूर्ण काढून, बाहेरून आलेली तार एक दिवस थेट मोडेमला जोडा. टीव्ही तेवढा दिवस बंद राहील, पण नेट टिकले तर दोष कुठे होता ते स्पष्ट होईल. स्प्लिटर ठेवायचाच असेल, तर तो गरजेपुरत्या वाटांचा घ्या, आणि त्याची एखादी वाट मोकळी राहिली तर तिच्यावर ७५ ओहमचे टर्मिनेटर टोपण बसवा.

मोकळी वाट आणि सैल कनेक्टर आपल्या एकट्यापुरते नसतात. आपला मोडेम ज्या पट्ट्यातून उत्तर पाठवतो तो ५ मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन ४२ किंवा ६५ मेगाहर्ट्झपर्यंत असतो, आणि पंख्याच्या, कूलरच्या, मिक्सरच्या मोटरचा विद्युत गोंगाट नेमका याच पट्ट्यात शिरतो. गल्लीतल्या सगळ्या घरांकडून वर जाणारी ही वाट शेवटी एकच होते, त्यामुळे एका घरातल्या उघड्या टोकातून शिरलेला गोंगाट सगळ्या गल्लीचे नेट पाडू शकतो. आपल्या घरातले सगळे नीट असूनही नेट जाते आणि शेजारच्यांचेही त्याच वेळी जाते, तर वहीत दोन शेजाऱ्यांच्या वेळाही लिहा. ही नोंद ऑपरेटरला फार उपयोगी पडते.

माझ्या ताईच्या घरी, प्रतापनगरला, दोन उन्हाळ्यांपूर्वी जे घडले ते इथे सविस्तर सांगते, कारण चौथा रकाना कशासाठी हे त्यातून कळते. नेट सकाळी सातच्या सुमारास आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास जायचे आणि तासाभराने आपोआप यायचे. मोडेम बदलून झाला होता, माणूस तीन वेळा येऊन गेला होता. ताईने आठ दिवस वही लिहिली, आणि आठव्या दिवशी ती वाचताना भाचीच्या लक्षात आले की दोन्ही वेळा कूलरमध्ये पाइपने पाणी भरण्याच्या आहेत. गच्चीवरून आलेली केबल ज्या खिडकीतून आत येत होती, तिच्याच बाहेर कूलरचा स्टँड होता. दोन तारा जोडणारा जॉइंट त्या स्टँडच्या पायाला काळ्या टेपने बांधलेला होता, आणि कूलर भरून वाहिला की पाणी तारेवरून ओघळत बरोबर त्या टेपात जात होते. टेप पाणी अडवत नव्हती, उलट धरून ठेवत होती. टेप सोडवून जॉइंट उघडला तेव्हा कनेक्टरच्या आट्यांत पांढरी-हिरवी भुकटी भरलेली होती. मधल्या तारेवर तांबूस गंज होता, कारण अशा तारेत बरेचदा आत पोलाद असून वरून तांब्याचा फक्त मुलामा असतो, आणि तो गेला की पोलाद गंजते. बाहेरचे आवरण सोलल्यावर आतली जाळी चमकदार दिसायला हवी होती, ती वीतभर आतपर्यंत काळी पडलेली होती.

दुरुस्ती पंधरा मिनिटांची होती. ऑपरेटरच्या माणसाने जाळी चमकेपर्यंत तार कापत नेली, नवे कॉम्प्रेशन कनेक्टर बसवले आणि जॉइंट खिडकीच्या आत घेतला. तार खिडकीत शिरण्याआधी तिला खाली झोल देऊन मग वर आत घेतले, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी येऊन ठिबकते, आत येत नाही. आपल्याही खिडकीबाहेर हा झोल आहे का ते आजच पाहा.

गच्चीवर चढण्याआधी मात्र काही गोष्टी मनाशी पक्क्या करा. खांबावर चढू नका आणि ऑपरेटरचा डबा उघडू नका. केबल अनेकदा विजेच्या खांबांवरूनच आणलेली असते आणि मुख्य लाइनवर ॲम्प्लिफायरसाठी वीजही सोडलेली असते. तारेला किंवा कनेक्टरला हात लावल्यावर झिणझिणी आली, तर लगेच हात काढा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. आभाळ गडगडत असताना तारेला स्पर्श नको. मृगाच्या आधीच्या वादळी पावसात मोडेमची वीज आणि कोॲक्सियल तार दोन्ही काढून ठेवलेली बरी. आणि संक्रांतीनंतर तारेवर मांजा गुंडाळलेला दिसला, तर तो ओढू नका. नायलॉनचा मांजा शेजारच्या विजेच्या तारेलाही अडकलेला असू शकतो, आणि ओढल्याने केबलचे आवरण कापले जाते. पतंगांच्या दिवसांनंतर सुरू झालेला दोष पहिल्या पावसापर्यंत दबून राहतो आणि कापलेल्या आवरणातून पाणी शिरले की उफाळतो, म्हणून गच्चीवरची तार फेब्रुवारीत एकदा डोळ्यांखालून घाला.

मोडेमच्या पानावरचे आकडे

कोॲक्सियलवरचा मोडेम स्वतःची प्रकृती स्वतः सांगतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाकला की बहुतेक केबल मोडेमचे पान उघडते. काही ऑपरेटर ते बंद ठेवतात, तेव्हा हे आकडे त्यांच्याकडूनच विचारून घ्यावे लागतात.

डाउनस्ट्रीम पॉवर, म्हणजे मोडेमपर्यंत पोहोचणारी ताकद, उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या आत असावी. उणे १५ ते अधिक १५ ही अगदी शेवटची हद्द. त्याच्या शेजारी एसएनआर हा आकडा असतो, तो ३३ च्या वर हवा; सिग्नल आणि गोंगाट यांच्यातले ते अंतर आहे. अपस्ट्रीम पॉवर म्हणजे आपला मोडेम किती जोराने बोलतो आहे ते. ती ५० च्या वर गेली असेल, तर वाटेतल्या घटीमुळे मोडेमला ओरडून बोलावे लागते आहे आणि त्याची ताकद संपत आली आहे. हा आकडा दुपारी आणि पहाटे दोन्ही वेळा लिहा. दोन वेळांत तीन-चार डेसिबलचा फरक दिसला, तर तो फक्त उन्हाचा नसून कुठेतरी जॉइंट सैल असल्याची खूण आहे.

याच पानावर एक नोंदवही असते. तिच्यात टी-३ टाइमआउट वारंवार दिसत असेल, तर मोडेमने हाक मारली आणि वरून ओ आली नाही. दोष बहुधा वर जाणाऱ्या वाटेतल्या गोंगाटाचा किंवा घटीचा असतो. टी-४ दिसला, तर वरून मोडेमसाठी येणारी पाळी तीस सेकंदांत आलीच नाही आणि मोडेमने संपर्क गमावला. ‘अनकरेक्टेबल’ या मथळ्याखालचा आकडा तासातासाला फुगत असेल, तर न दुरुस्त होणाऱ्या चुका तारेवरच होत आहेत. या सगळ्यांचे फोटो काढा.

पान पाहताना मोडेमच्या किंवा राउटरच्या मागचे टाचणीएवढे रीसेटचे भोक मात्र दाबू नका. बंद करून चालू करणे वेगळे आणि रीसेट वेगळे. रीसेटने ऑपरेटरने भरलेले नाव-पासवर्ड पुसले जाते आणि अर्धवट चालणारे नेट पूर्ण बंद होते.

लॅन आणि फायबर असेल तर

लॅन केबलची मर्यादा शंभर मीटरची आहे, आणि ती घरात वापरायची केबल उघड्यावर टाकली तर दोन-तीन उन्हाळ्यांत तिचे आवरण तडकते. तिच्यात आठ तारा असतात. गिगाबिटला आठही लागतात आणि १०० एमबीपीएसला चारच. २०० चा प्लॅन असून वेग ९० ते ९५ च्या वर कधीच जात नसेल, तर एखादी तार किंवा पिन गेलेली आहे किंवा मधला स्विच जुना आहे. पिन नव्याने क्रिंप करून, म्हणजे यंत्राने दाबून बसवून, घ्या.

फायबरवर ओएनटीचा लॉसचा दिवा लाल झाला तर प्रकाश पोहोचत नाही, आणि तिथे आपल्या हातात फार काही नसते. तार कपाटामागे दबली किंवा काटकोनात वळली नाही ना एवढे पाहावे. ओएनटीच्या पानावर मिळणारा प्रकाश उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान दिसावा. उणे २७ च्या आसपास असेल तर नेट येत-जात राहणार. फायबरच्या टोकात डोळा लावून पाहू नका, प्रकाश दिसत नसला तरी तो असतो. सिमेंट रस्त्यांच्या खोदकामात फायबर तुटणे आपल्या शहरात नेहमीचे आहे, पण तेव्हा नेट पूर्ण जाते, येत-जात राहत नाही.

तक्रार अशी लिहा

‘नेट नीट चालत नाही’ या वाक्यावर कोणीही काहीही करू शकत नाही. त्याऐवजी असे लिहा: ‘१० ते १७ मे या काळात नेट १९ वेळा गेले, त्यांपैकी १५ वेळा दुपारी १ ते ५ मध्ये. लॅन केबलवर राउटरला पिंग अखंड होते, ८.८.८.८ ला बंद पडत होते. स्प्लिटर काढूनही फरक पडला नाही. अपस्ट्रीम पॉवर पहाटे ४५, दुपारी ५१. फोटो सोबत आहेत. गच्चीवरची तार आणि खांबावरचा टॅप (आपली तार जिथून निघते तो डबा) तपासावा, आणि दुपारी ३ वाजता माणूस पाठवावा.’ वेळ सांगायला विसरू नका; दुपारचा दोष सकाळी दहाला दिसत नाही. येणाऱ्या माणसाला पाणी विचारा आणि वही हातात द्या. तो चांगला असेल तर वही पाहताच थेट गच्चीवर जाईल.

तक्रारीचा नोंदणी क्रमांक म्हणजे डॉकेट नंबर मागून घ्या आणि वहीत लिहा. फोनवर सांगितलेली, क्रमांक नसलेली तक्रार पुढे दाखवता येत नाही. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०१२ च्या ग्राहक तक्रार निवारण विनियमांत दोन पायऱ्या आहेत, आधी कंपनीचे तक्रार केंद्र आणि तिथे समाधान झाले नाही तर त्याच कंपनीचे अपील प्राधिकरण. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, म्हणून थेट तिकडे लिहिण्यात वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

दुरुस्ती झाली की वही लगेच बंद करू नका. दोन्ही खिडक्या आणखी आठवडाभर चालू ठेवा, आणि आठ दिवस एकही ओ चुकली नाही तर त्या दिवशीचे मोडेमचे सगळे आकडे, तारीख आणि वेळ टाकून, वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. पुढच्या मे महिन्यात त्याच वेळी ते पुन्हा ताडून पाहा. डाउनस्ट्रीम तीन-चार डेसिबलने उतरलेली किंवा अपस्ट्रीम तेवढीच चढलेली दिसली, तर नेट जाण्याची वाट न पाहता पावसाआधी जॉइंट उघडून पाहायला सांगा.